पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगचे प्रश्न : सोपा कोणता, अवघड कोणता? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिक शहरात आणि जिल्ह्यात डिप्लोमा, इंजिनीअरिंग, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला सी किंवा पायथन शिकवणाऱ्यांसाठी हे पान आहे. पेपर काढताना, प्रश्नपेढी भरताना आणि निकालानंतर स्टाफरूममध्ये जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे : प्रश्न अवघड असायला हरकत नाही, पण तो प्रोग्रॅमिंगमुळे अवघड असावा. इंग्रजी वाक्यामुळे, अनोळखी विषयामुळे किंवा पेपर काढणाऱ्याच्या मनात काय आहे ते न कळल्यामुळे तो अवघड झाला असेल, तर त्या गुणांवरून विद्यार्थ्याला काय येते ते समजत नाही.

काठिण्यपातळी आधी ठरवायची गरज काय? निकाल लागला की कळतेच ना?

कळते, पण तोपर्यंत गुणपत्रिका हातात पडलेली असते. सगळा पेपर अवघड निघाला, तर ज्याला लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणे) येतो पण अ‍ॅरे (एका नावाखाली ठेवलेली अनेक मूल्यांची यादी) येत नाही तो आणि ज्याला काहीच येत नाही तो, दोघांना जवळपास सारखेच गुण पडतात. सगळा सोपा निघाला, तर वरच्या टोकाला हेच होते. शिवाय एकाच विषयाच्या दोन तुकड्या दोन शिक्षकांकडे असतात, ओरलच्या बॅच वेगवेगळ्या दिवशी होतात, बॅकलॉगचा पेपर सहा महिन्यांनी निघतो. या सगळ्यांना सारखे मोजायचे असेल तर प्रश्न निवडताना हातात काही तरी मोजमाप लागते.

ब्लूमची पातळी लिहिली की झाले ना? स्मरण म्हणजे सोपा, निर्मिती म्हणजे अवघड.

असे नाही, आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो.

बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये वर्गीकरण मांडले. २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी त्यात सुधारणा केली आणि स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती हा क्रम दिला. बी.एड. केलेल्यांना 'ज्ञान, आकलन, उपयोजन' या शब्दांत तो आधीपासून पाठ असतो. उत्तर देताना डोके कोणत्या प्रकारचे काम करते, हे त्यातून कळते. ते काम किती जणांना जमेल, हे त्यातून कळत नाही.

दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा. 'सी भाषेतले सगळे ३२ आरक्षित शब्द लिहा.' (आरक्षित म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखलेले; मूळ प्रमाण सी मध्ये ते ३२ आहेत.) हा प्रश्न निव्वळ स्मरणाचा, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा, तरी पूर्ण गुण घेणारे विद्यार्थी शोधावे लागतील. दुसरा : 'दोन संख्यांची बेरीज परत देणारे फंक्शन तयार करा.' इथे क्रियापद 'तयार करा', म्हणून तक्त्यात तो निर्मितीत जाऊन बसतो. वर्गातल्या बहुतेकांना मात्र तो येतो. क्रियापद बघून पातळी टाकायची सवय लागली की तक्ता सुंदर दिसतो, आणि पेपर कसा आहे हे कोणालाच कळत नाही.

ब्लूमची पातळी जरूर लिहा, पण काठिण्यपातळीचा रकाना वेगळा ठेवा.

वर्गात घेतलेला प्रोग्रॅम परीक्षेत विचारला तर त्याची पातळी कोणती?

तुमच्या वर्गात काय झाले यावर ते अवलंबून आहे. 'दिलेली संख्या मूळ आहे का ते तपासा' हा प्रोग्रॅम जर्नलमध्ये लिहून घेतला असेल, तर परीक्षेत तो आठवणीचा प्रश्न ठरतो. मूळ संख्येची व्याख्या सांगितली पण प्रोग्रॅम घेतला नसेल, तर तोच प्रश्न उपयोजनाचा होतो आणि बराच अवघडही. एरोल थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ब्लूमचे वर्गीकरण प्रोग्रॅमिंगच्या परीक्षांना लावून पाहिले. त्यांच्याही कामातून हेच पुढे येते की कसे शिकवले ते माहीत नसेल तर प्रश्नाची पातळी खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून विद्यापीठाचा किंवा मंडळाचा पेपर काढताना अडचण येते. ओझरचा परीक्षक मालेगावच्या वर्गात काय झाले ते कुठून सांगणार? अशा वेळी अभ्यासक्रमातली प्रात्यक्षिकांची यादी प्रमाण मानावी. त्या यादीतला प्रोग्रॅम जसाच्या तसा विचारला तर तो 'परिचित' समजावा. त्यात एक अट बदलली असेल, तर 'बदललेला' म्हणावे.

मग प्रश्नातला अवघडपणा नेमका कुठे असतो?

याचे मला सर्वांत उपयोगी वाटलेले उत्तर ज्यूडी शियर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नपत्रिका तपासण्यासाठी मांडलेल्या चौकटीत आहे. प्रश्नाला एकच शिक्का मारण्याऐवजी ते सहा बाजूंनी बघतात : प्रोग्रॅमिंगबाहेरच्या विषयाची किती माहिती लागते, काय करायचे ते किती स्पष्ट सांगितले आहे, प्रश्नाची भाषा किती किचकट आहे, प्रोग्रॅमिंगच्या कोणत्या आणि किती संकल्पना लागतात, किती लांबीचा कोड वाचावा किंवा लिहावा लागतो, आणि ब्लूमच्या अर्थाने बौद्धिक काम कोणते. यातल्या पहिल्या तीन बाजूंचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही. पेपर काढताना त्या तिन्ही जितक्या खाली आणता येतील तितक्या आणाव्यात आणि अवघडपणा वाढवायचा तो उरलेल्या तिघांतून, असे मी सुचवतो.

उदाहरणासाठी लासलगावच्या बाजार समितीतला कांद्याचा लिलाव घेऊ. पहिला प्रश्न : 'अ‍ॅरेमध्ये २० ट्रॉल्यांचे क्विंटलमागचे भाव दिले आहेत. त्यांची सरासरी काढा.' लूप, बेरीज, भागाकार. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झालेल्या मुलालाही दिवाळीनंतर जमावा असा.

आता किती ट्रॉल्या ते आधी माहीत नाही असे करू : 'भाव एकामागून एक दिले जातील, ९९९९९ आला की थांबा आणि सरासरी छापा.' आता थांबण्याची अट आली, किती भाव आले ते मोजणे आले, आणि ९९९९९ हा आकडा बेरजेत जाऊ द्यायचा नाही हे भान आले. पुढची पायरी : 'भाव शून्य दिला असेल तर त्या ट्रॉलीचा सौदा झाला नाही असे समजून ती सोडून द्या.' लूपच्या आत आणखी एक अट आली, आणि मोजणारा चल (मूल्य साठवणारे नाव, व्हेरिएबल) कुठे वाढवायचा हा प्रश्न आला. शेवटी : 'एकही सौदा झाला नसेल तर तसा संदेश द्या.' ही ओळ लिहिली नाही तर शून्याने भागले जाते.

चारही प्रश्नांत एकही नवी संकल्पना नाही. सगळे काही इफ आणि लूपमध्ये बसते. तरी चौथा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण चार लहान योजना एकमेकींत विणाव्या लागतात. इलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात पावसाच्या सरासरीचा असाच प्रश्न मांडला होता : रोजच्या पावसाचे आकडे वाचत जा, ऋण आकडा आला तर तो धरू नका, ९९९९९ आला की सरासरी छापा. संगणकशास्त्राच्या शिक्षणात या प्रश्नावर आजपर्यंत लिहिले जात आहे, कारण वरून साधा दिसणारा हा प्रश्न नवशिक्यांना वर्षानुवर्षे अडवत आला आहे. २०१४ मध्ये कॅथी फिस्लर यांनी फंक्शनल पद्धतीने (लहान फंक्शने जोडून प्रोग्रॅम लिहिण्याच्या) शिकलेल्या विद्यार्थ्यांना तो दिला, तेव्हा त्यांनी तो पूर्वीच्या निकालांपेक्षा चांगला सोडवला. म्हणजे शिकवण्याची पद्धत आणि भाषा बदलली की त्याच प्रश्नाचा अवघडपणाही बदलतो.

जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेल्या आकलनभाराच्या सिद्धांतातून याचे कारण कळते. एकाच वेळी डोक्यात धरता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. अनुभवी माणसाला 'थांबण्याच्या आकड्यापर्यंत वाचणे' ही एक गोष्ट वाटते. नवशिक्याला त्यात चार-पाच सुट्या गोष्टी दिसतात. आपल्याला प्रश्न सोपा वाटतो तो याचमुळे. म्हणून काठिण्यपातळी टाकताना 'मला किती वेळ लागला' यापेक्षा 'किती सुट्या गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात' हे मोजा.

कांद्याचे उदाहरण नाशिकच्या मुलांना सोपे जाणार नाही का?

काहींना जाईल, आणि काहींच्या बाबतीत तेच अडचणीचे ठरेल. वरच्या प्रश्नात एक खाच आहे. प्रत्येक ट्रॉलीत सारखा माल नसतो. निफाड किंवा चांदवडच्या शेतकऱ्याच्या घरातली मुलगी 'सरासरी भाव' वाचून विचारेल की कुठल्या ट्रॉलीत किती क्विंटल होते. तिचे बरोबर आहे. खरी सरासरी काढायला प्रत्येक भावाला वजनाने गुणावे लागते. गंगापूर रोडवर वाढलेल्या मुलाच्या मनात हा प्रश्न येणार नाही आणि तो अपेक्षित उत्तर पटकन लिहून मोकळा होईल. जिला विषय जास्त समजतो तिचे गुण जावेत, यासारखा अन्याय नाही. म्हणून प्रश्नात एक वाक्य घालायचे : 'सर्व ट्रॉल्यांमध्ये सारखाच माल आहे असे समजा.'

उलट्या बाजूने पत्त्यांचा कॅट, क्रिकेटमधला नेट रन रेट, बँकेचे चक्रवाढ व्याज, बुद्धिबळातला घोडा ही उदाहरणे पुस्तकांत सर्रास येतात. ५२ पत्त्यांत किती रंग असतात हे ज्या घरात पत्ते खेळत नाहीत तिथल्या मुलीला ठाऊक असेलच असे नाही. लीप वर्षाचा नियम तर शिक्षकांनाही पूर्ण आठवत नाही : ४ ने भाग जातो ते लीप वर्ष, पण १०० ने भाग जात असेल तर नाही, आणि ४०० ने जात असेल तर पुन्हा होय. तो नियम प्रश्नातच लिहून दिला की प्रश्न अटींच्या रचनेचा होतो. नाही दिला तर सामान्यज्ञानाचा.

प्रश्नाच्या भाषेचा एवढा बाऊ करायचा का? पेपर इंग्रजीतच असतो.

करायला हवा, आणि आपल्या जिल्ह्यात तर जास्तच. सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाणहून मराठी माध्यमातून बारावी करून आलेली मुले पहिल्या सत्रात दोन भाषा एकदम शिकत असतात, एक सी आणि दुसरी पेपरातले इंग्रजी. 'अ‍ॅट मोस्ट' आणि 'अ‍ॅट लीस्ट' यांची अदलाबदल झाली की 'पेक्षा लहान किंवा समान' ऐवजी 'पेक्षा मोठे किंवा समान' लिहिले जाते. तपासणारा समजतो की याला तुलनेची चिन्हे येत नाहीत. 'अनलेस', 'रिस्पेक्टिव्हली', 'कॉन्सेक्युटिव्ह', 'एक्सक्लुझिव्ह ऑफ' हे शब्दही असेच घात करतात.

उपाय साधे आहेत. एका वाक्यात एकच सूचना द्या. नकारात नकार टाळा. नमुना म्हणून एक इनपुट आणि त्याचे आउटपुट प्रत्येक कोड लिहिण्याच्या प्रश्नाखाली द्या. भाषेने घातलेला बराच घोळ या दोन ओळींनी सुटतो. इन-सेम (सत्राच्या मध्यावरची परीक्षा) किंवा घटक चाचणी तुम्हीच काढत असाल तर कंसात मराठी शब्द द्यायला कोण अडवणार आहे?

गंगापूर धरणाच्या बाजूला ज्याचे मुख्यालय आहे, त्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या दूरशिक्षणाच्या व्यवस्थेत हे आणखी महत्त्वाचे ठरते. तिथे विद्यार्थी घरी एकटा बसून प्रश्न वाचतो, 'सर, यात नक्की काय हवे आहे?' असे विचारायला समोर कोणी नसते.

छोटा प्रश्न म्हणजे सोपा ना?

या चार विधानांनंतर अ आणि ब मध्ये काय असेल ते सांगा :

अ = ३
ब = ८
अ = ब
ब = अ

लूप नाही, अट नाही. तरी पहिल्या काही आठवड्यांत बरीच मुले 'अ मध्ये ८, ब मध्ये ३' असे लिहितात, कारण गणितातल्या समीकरणासारखी दोन्ही विधाने एकदम घडतात असे त्यांना वाटते. उत्तर दोन्हीकडे ८ आहे. लांबी हा अवघडपणाचा एक घटक आहे, पण गैरसमजावर बोट ठेवणारा चार ओळींचा प्रश्न पन्नास ओळींच्या सरळ प्रोग्रॅमपेक्षा अवघड जाऊ शकतो. अशा प्रश्नासमोर प्रश्नपेढीत तो गैरसमजही लिहून ठेवावा.

कोड वाचण्याचे प्रश्न सोपे आणि लिहिण्याचे अवघड, असे धरावे का?

ढोबळमानाने हो, पण यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

२००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या पहिल्या प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलेटरसारखे प्रोग्रॅम लिहायला दिले. सरासरी गुण ११० पैकी २२.८९ पडले. जगभरच्या शिक्षकांना हा धक्का होता. मुलांना समस्या सोडवता येत नाही, असा एक निष्कर्ष निघाला. २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने उलट बाजूने विचारले : निदान दिलेला कोड तरी वाचता येतो का? त्यांनी १२ बहुपर्यायी प्रश्न दिले, कोड चालवून उत्तर सांगा किंवा गाळलेली ओळ निवडा अशा स्वरूपाचे. पुष्कळ मुलांना तेही नीट जमले नाही. म्हणजे लिहिण्याच्या अगोदरच काही तरी निसटत होते.

त्यानंतर वाचणे, समजावून सांगणे आणि लिहिणे या तीन कामांकडे शिडीसारखे पाहिले जाऊ लागले. मधल्या पायरीवर 'हा कोड काय करतो ते एका वाक्यात सांगा' हा प्रकार येतो. उत्तर तपासायला इथे ब्लूमपेक्षा बिग्ज आणि कॉलिस यांचे १९८२ चे, उत्तराची रचना पाहणारे सोलो वर्गीकरण जास्त कामाला येते. समजा कोड अ‍ॅरेतल्या शेजारच्या दोन-दोन घटकांची तुलना करतो आणि पुढचा घटक लहान दिसला की खुणेच्या चलात 'असत्य' टाकतो. एक मुलगा लिहितो, 'आय शून्यापासून सुरू होतो, मग तुलना होते, मग खूण बदलते.' सगळे बरोबर, पण ओळीमागून ओळ. सोलोच्या भाषेत बहुघटकी. दुसरी लिहिते, 'अ‍ॅरे चढत्या क्रमात आहे का ते तपासतो.' हे सांबंधिक उत्तर, तिला कोडचा हेतू दिसला आहे. ब्लूम प्रश्नावर शिक्का मारतो, सोलो उत्तरावर. एकच प्रश्न दोन्ही मुलांना झेपतो आणि दोघांमधला फरकही दाखवतो. पहिल्या वर्षासाठी मला हा प्रकार सर्वांत मोलाचा वाटतो आणि आपल्या पेपरांत तो जवळजवळ दिसतच नाही.

वाचणे आणि लिहिणे यांच्या मध्ये बसणारा आणखी एक प्रकार आहे, पार्सन्स कोडी. न्यूझीलंडमधल्या ओटागो पॉलिटेक्निकच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये तो मांडला. प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि विद्यार्थ्याने क्रम लावायचा. ओळींना क्रमांक दिले तर कागदावरही होतो आणि तपासणे झटपट. अवघडपणा कमीजास्त करणेही आपल्या हातात राहते : नेमक्या ओळी दिल्या तर सोपा, दोन-तीन फसव्या ओळी मिसळल्या तर मध्यम, पायथनमध्ये कंसांऐवजी ओळ किती आत सरकवायची तेही विचारले तर आणखी वर.

दोन शिक्षक एकाच प्रश्नाला वेगवेगळी पातळी देतात. कोणाचे खरे?

कोणाचेही नाही, बोलणे होईपर्यंत. दोघांनी ४० प्रश्न एकमेकांना न दाखवता सोपा, मध्यम, अवघड असे वेगळे करा. समजा २८ ठिकाणी जुळले, म्हणजे ७० टक्के. ऐकायला चांगले वाटते. पण दोघांनीही १० सोपे, २० मध्यम, १० अवघड असे वाटले असतील, तर डोळे मिटून टाकले तरी ३७.५ टक्के जुळले असते. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला कप्पा (kappa) हा अंक योगायोगाचा वाटा वजा करून उरलेले एकमत दाखवतो : (०.७० – ०.३७५) भागिले (१ – ०.३७५), म्हणजे ०.५२. एकमत आहे, पण फार पक्के नाही.

आकडा काढून थांबू नका. न जुळलेल्या १२ प्रश्नांवर चहा घेत अर्धा तास बोला. बहुतेक वेळा असे दिसते की एकाने भाषेचा अवघडपणा धरला होता आणि दुसऱ्याने फक्त संकल्पनेचा, किंवा एकाच्या वर्गात तो प्रोग्रॅम झाला होता. सहा बाजू वेगवेगळ्या लिहिल्या की वाद कुठे आहे ते लगेच दिसते.

परीक्षेनंतर आकड्यांवरून पातळी कशी काढायची?

एक्सेल पुरते. ६० जणांच्या वर्गात ३८ जणांचे उत्तर बरोबर आले तर काठिण्य निर्देशांक ३८ भागिले ६०, म्हणजे ०.६३. नाव काठिण्याचे असले तरी आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, हे नव्याने वापरणाऱ्याने लक्षात ठेवावे. कोड लिहिण्याच्या प्रश्नात बरोबर-चूक असे नसते. तिथे वर्गाची सरासरी भागिले एकूण गुण असे करा. चार पर्यायांच्या प्रश्नात निव्वळ अंदाजाने ०.२५ पडतो, म्हणून ०.३ आला तर 'अवघड पण चालेल' असे समजू नका, तिथे बहुतेकांना काहीच कळलेले नाही.

दुसरा आकडा भेदक्षमतेचा, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांना किती वेगळे करतो त्याचा. एकूण गुणांप्रमाणे उतरती यादी लावा, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या (हे प्रमाण ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवले). ६० च्या वर्गात १६-१६ जण येतात. वरच्यांपैकी १४ आणि खालच्यांपैकी ६ जणांचे बरोबर असेल तर (१४ – ६) भागिले १६, म्हणजे ०.५. चांगला प्रश्न. हा आकडा शून्याजवळ किंवा ऋण आला तर प्रश्न ताबडतोब पुन्हा वाचा. हुशार मुले चुकली आणि कच्ची बरोबर आली, याचा अर्थ बहुधा प्रश्नाचे दोन अर्थ निघतात किंवा उत्तरसूचीच चुकली आहे. वरच्या ट्रॉलीच्या प्रश्नात ते वाक्य घातले नसते तर त्याचे असेच काही झाले असते.

एका वर्षाच्या एका तुकडीवरून निकाल देऊ नका. दोन-तीन वर्षे आकडे साठू द्या.

एमएसबीटीईच्या (महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) तक्त्यात आर, यू, ए असे रकाने असतात. त्यांचे काय?

ते रिमेंबर, अंडरस्टँड, अप्लाय. ७० गुणांच्या लेखी परीक्षेत कोणत्या घटकाला कोणत्या पातळीवर किती गुण, हे त्यातून ठरते. तो पाळावाच लागतो आणि पाळावा. एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) २०१८ मध्ये परीक्षा सुधारणेचे धोरण आणले, त्यात ब्लूमच्या पातळ्या आहेत. एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) फाइलमध्येही प्रत्येक प्रश्नासमोर कोर्स आउटकम (विषय शिकून काय यायला हवे ते) आणि पातळी लिहावी लागते. यातला कोणताही रकाना प्रश्न किती अवघड ते विचारत नाही. म्हणून 'ए' पातळीतले १८ गुण एका पेपरात पोरखेळ आणि दुसऱ्यात डोंगर असू शकतात, आणि तक्ता दोन्हीकडे तोच राहतो. आपला रकाना आपणच जोडायचा.

सी आणि पायथनसाठी एकच प्रश्नपेढी चालेल का?

नाही. 'शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो का ते तपासा' हे पायथनमध्ये एका ओळीत होते. सी मध्ये दोन टोकांकडून येणारे निर्देशांक (अक्षराची जागा सांगणारे आकडे), स्ट्रिंगची म्हणजे अक्षरांच्या ओळीची लांबी आणि ती संपल्याची खूण असलेले शेवटचे शून्य अक्षर सांभाळावे लागते. प्रश्न तोच ठेवून भाषेप्रमाणे पातळी वेगळी लिहा.

अवघड प्रश्नाला जास्त गुण द्यायचे का?

गुण कामाच्या प्रमाणात द्यावेत. अवघडपणाची किंमत म्हणून गुण वाढवले की ज्याला तो एक प्रश्न सुटला नाही त्याचे नुकसान दुप्पट होते. त्यापेक्षा प्रश्नाचे तुकडे करा : इनपुट घेणे २, लूप आणि थांबण्याची अट ३, शून्य भाव वगळणे २, रिकाम्या यादीचा विचार १. असे केले की अवघड प्रश्नातही मधल्या मुलाला काही तरी मिळवता येते, आणि नेमका कुठे अडला ते तुम्हाला दिसते. मात्र 'अ' चे उत्तर चुकले की 'ब' आणि 'क' आपोआप चुकतील अशी साखळी करू नका.

पेपरात सोपे, मध्यम, अवघड यांचे प्रमाण किती असावे?

३०-५०-२० सारखे ठरीव प्रमाण बरेच जण वापरतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. घटक चाचणीत, जिथे कुठे अडते ते शोधायचे आहे, तिथे मध्यम प्रश्नच जास्त हवेत. सत्राअखेरीच्या पेपरात उत्तीर्णतेच्या रेषेच्या आसपास मोजणारे प्रश्न भरपूर हवेत, कारण निर्णय तिथे होतो. एक गोष्ट मात्र प्रत्येक पेपरात पाळावी : पहिला प्रश्न असा असावा की नियमित वर्गात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो लिहिता येईल. हात लिहिता झाला की पुढचे सुचते.

घरी दिलेल्या असाइनमेंटची पातळी आता कशी धरायची? मुले एआयकडून लिहून घेतात.

पहिल्या वर्षाच्या नेहमीच्या प्रश्नांना अशी साधने बरोबर कोड देतात, मग आपण त्याला सोपा म्हणा की अवघड. घरच्या कामाच्या गुणांवरून काठिण्य निर्देशांक काढू नका. असाइनमेंट सरावासाठी ठेवा आणि मोजायचे असेल तेव्हा प्रयोगशाळेत त्याच कोडमध्ये एक अट बदलायला सांगा : 'शून्याऐवजी ५०० पेक्षा कमी भाव वगळा.' ज्याने स्वतः लिहिला आहे त्याला दोन मिनिटे लागतात.

प्रश्नपेढीत प्रत्येक प्रश्नासमोर काय लिहावे?

भाषा आणि अभ्यासक्रमाचे वर्ष, ब्लूमची पातळी, प्रात्यक्षिकांच्या यादीशी नाते (परिचित, बदललेला, नवा), लागणाऱ्या संकल्पना, कोडची अंदाजे लांबी, बाहेरचा संदर्भ असेल तर कोणता, अपेक्षित गैरसमज, आणि वापरल्यानंतर दरवर्षीचे दोन आकडे. पहिल्यांदा भरताना कंटाळा येतो हे खरे. सुरुवात गेल्या वर्षीच्या एका पेपरापासून करा, सगळी पेढी एकदम हातात घेऊ नका.

विद्यार्थ्यांना पातळी सांगावी का?

सराव संचात जरूर सांगावी, म्हणजे ज्याचा पाया कच्चा आहे तो कुठून सुरुवात करायची ते ठरवू शकतो. परीक्षेच्या पेपरवर छापू नये. 'अवघड' हा शब्द वाचूनच काही मुले तो प्रश्न सोडून देतात, आणि त्यातल्या कित्येकांना तो आला असता. सराव संचात पातळीच्या शेजारी कारणही लिहा : 'अवघड, कारण लूपच्या आत दोन अटी आहेत.' हे वाचून सटाण्याच्या बसमध्ये बसलेल्या मुलाला निदान कळते की आज लूपच्या आतल्या अटींचा सराव करायचा आहे.